रोग मूत्रपिंडाचा, घाला हृदयावर

ज्या अवयवाला रोगाचें नांव चिकटलें, त्याच अवयवावर सर्व घराची दृष्टि खिळून राहते, हा मनुष्यस्वभावच आहे. गुडघा दुखूं लागला कीं गुडघ्याला तेल, डोळा लाल झाला कीं डोळ्यावर पट्टी. आणि मूत्रपिंडें दुर्बळ झालीं असें डॉक्टरांच्या तोंडून निघालें, कीं त्या दिवसापासून घरांतील प्रत्येकजण क्रिएटिनिनचा आंकडा पाठ करूं लागतो. हें सर्व प्रेमापोटींच घडतें, यांत शंका नाहीं. परंतु शरीराचे अवयव म्हणजे भिंती घालून वेगळीं केलेलीं बिऱ्हाडें नव्हेत. एका कोपऱ्यांत लागलेली आग दुसऱ्या कोपऱ्यांत केव्हां शिरेल याचा नेम नसतो. आणि मूत्रपिंडांच्या जुनाट रोगांत ती हृदयाकडे वळते, असा वैद्यकाचा दीर्घ अनुभव आहे.

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्या लिहितात : "माझ्या यजमानांचें वय ५४. मधुमेह बारा वर्षांचा. गेल्या वर्षीं मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचें समजलें. डायलिसिसची पाळी अद्याप नाहीं. डॉक्टरांनीं मात्र आतां हृदयाची इको तपासणी करविली, रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन केल्या, आणि छातींत कधीं कळ येते काय, चालतांना धाप लागते काय, असें खोदखोदून विचारलें. मामंजींचें म्हणणें असें कीं, रोग मूत्रपिंडाचा असतां हृदयाची उठाठेव कशाला ? उगाच खर्च वाढविण्याचा हा प्रकार आहे. दुसरी गोळी बंद करावी. यजमानांचेंही मन तिकडेच झुकलें आहे. मीं काय करावें, तें कृपा करून लिहावें."

प्रश्न एका घराचा असला तरी शंका पुष्कळ घरांतली आहे, म्हणून उत्तर येथेंच देतों. आमचा जन्म खडू-फळ्यापाशीं गेला. औषधाची निवड करणें हा आमचा अधिकार नव्हे, व तो आम्ही घेतही नाहीं. पण 'असें कां ?' या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थ्यास पटेपर्यंत सांगत राहावें, ही सवय जन्माची आहे. उत्तर थोडक्यांत असें : डॉक्टरांना विचारल्यावांचून दुसरी गोळी मुळींच बंद करूं नये. मूत्रपिंडें पूर्ण निकामी होण्याची वाट न पाहतां हृदयविकार रोग्यास आधींच गांठतो, असें या रोगांत फार वेळां घडतें. आणि तो ज्या वाटांनीं येतो त्यांतील एक मोठी वाट म्हणजे ताठर झालेल्या धमन्या होत.

हें विधान कोणा एका डॉक्टरांच्या मर्जीचें नव्हे. अमेरिकेंत उत्तर कॅलिफोर्नियामधील अकरा लक्षांहून अधिक प्रौढ माणसांच्या नोंदी तपासून २००४ सालीं एक मोठा निबंध प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची शक्ति मिनिटाला किती मिलिलिटर या मापानें सांगतात. निरोगी तरुणांत ती शंभराच्या आसपास असते. ही शक्ति ६० किंवा अधिक असलेल्या लोकांशीं तुलना करतां, ४५ ते ५९ असलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका १.४ पट, ३० ते ४४ असलेल्यांत दुप्पट, १५ ते २९ असलेल्यांत २.८ पट, आणि १५ च्याही खालीं उतरलेल्यांत ३.४ पट आढळला. वय, मधुमेह इत्यादि इतर कारणांचा हिशेब वेगळा काढल्यावर उरलेले हे आंकडे आहेत. यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, डायलिसिस फार दूर असतांनाच, मूत्रपिंडांची शक्ति निम्मी उरली असतांनाच, हृदयाची काळजी वाहण्याची वेळ आलेली असते.

आतां यामागील कार्यकारणभाव पाहूं. हृदय दिवसांतून सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतें. त्याचें काम तुटक. एक ठोका, मग विसावा, मग पुन्हां ठोका. परंतु शरीराच्या कानाकोपऱ्यांतील केशवाहिन्यांत रक्त पोंचतें तें संथ व अखंड धारेनें. ही किमया धमन्यांची. 'धमनी' हा शब्द संस्कृतांतील 'ध्मा' म्हणजे फुंकणें या धातूपासून आला आहे, व त्यांत भात्याची कल्पना आपोआप येते. आमच्या वाचकांच्या घरीं बाजाची पेटी बहुधा असेल. वाजविणाराचा हात भाता मागेंपुढें करतो, म्हणजे वारा तुटक तुटक भरला जातो. पण स्वर कांहीं तुटत नाहीं. कारण बाहेरच्या भात्याच्या आंत दुसरा एक भाता स्प्रिंगांवर बसविलेला असतो. वारा भरतांना तो फुगतो, आणि हात मागें येतो तेव्हां स्प्रिंगांच्या जोरावर मिटत जाऊन तो वारा पुरवीत राहतो. हृदयापासून निघणारी महाधमनी म्हणजे शरीराच्या पेटींतील हा आंतला भाता होय. हृदयाचा ठोका पडला कीं ती फुगते, व ठोका संपला कीं आपल्या लवचिकपणानें आवळून रक्त पुढें लोटते. या आंतल्या भात्याचें कातडें वाळून लाकूड झालें तर काय होईल ? हाताच्या प्रत्येक झटक्यासरशीं स्वर किंचाळेल, आणि दोन झटक्यांच्या मध्यें मरून जाईल. ताठर धमन्यांच्या माणसाचा रक्तदाब नेमकें हेंच सांगतो : वरचा आंकडा चढतो आणि खालचा उतरतो.

या जातीची उपमा शास्त्रांत जुनी आहे. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत पितळी नळी बसवून तिला उंच कांचेची नळी जोडली, तेव्हां रक्त तींत आठ फूट तीन इंच चढलें. रक्तदाबाचें प्रत्यक्ष मोजमाप तें हें. १७३३ सालीं हे प्रयोग त्यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, व त्यांत धमन्यांच्या लवचिकपणाची तुलना त्या काळच्या आग विझविण्याच्या बंबाशीं केली. बंबाचा दांडा तुटक हलत असतांही त्यावरील हवेच्या घुमटामुळें पाण्याची धार अखंड पडते. पुढें १८९९ सालीं जर्मनींत ओटो फ्रांक यानें हीच कल्पना गणितांत बसविली.

दुसरी गोष्ट नाडीची. मनगटाशीं जी नाडी लागते ती म्हणजे त्या ठोक्याचें तेथवर आलेलें रक्त, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाहीं. रक्त मागाहून येतें. ठोक्याची लाट मात्र धमनीच्या भिंतींवरून त्याच्या कितीतरी पुढें धांवते. आगगाडीचें इंजिन उभ्या डब्यांच्या माळेला मागून धक्का देतें, तेव्हां डबे हातभर सरकले नाहींत तोंच धक्का दुसऱ्या टोकास पोंचलेला असतो, तसाच हा प्रकार. भिंत जितकी ताठ तितकी लाट वेगवान. या लाटेच्या वेगाचा विचार इंग्लंडांत टॉमस यंग यानें १८०८ सालच्या आपल्या व्याख्यानांत मांडला, आणि हॉलंडमधील मून्स व कोर्टेवेख या दोघांनीं १८७८ सालीं त्याचें सूत्र सिद्ध केलें. तरुण निरोगी माणसाच्या महाधमनींत हा वेग सेकंदाला पांच-सहा मीटर असतो. मान व जांघ येथील नाड्यांच्या वेळांतील अंतरावरून तो मोजतात, आणि १० मीटरच्या वर गेला तर धमन्या ताठरल्या असें समजतात. वैद्याच्या बोटांना नाडीची चाल कळते. या यंत्राला तिचा वेग कळतो.

वेग वाढला म्हणून बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. बिघडतें तें परतीच्या वाटेवर. विहिरीच्या कांठावर आपटलेली लाट जशी मागें फिरते, तशी नाडीची लाट धमन्यांना फांटे फुटतात त्या ठिकाणीं आपटून अंशतः हृदयाकडे परतते. धमन्या मऊ असतां ती हृदयाचा ठोका संपल्यावर, विसाव्याच्या वेळीं पोंचते. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतें तें मुख्यतः याच विसाव्यांत. म्हणून ती लाट उपकारकच ठरते. ताठर धमन्यांत जाणारी लाट वेगवान व परतणारीही वेगवान. हृदय अजून रक्त फेंकीत असतांनाच ती येऊन त्याच्या तोंडावर आदळते. ही झुंज दिवसांतून लक्ष वेळां. मग पैलवानाच्या दंडाप्रमाणें हृदयाची डावी जवनिका जाड होत जाते. पण दंडाची जाडी भूषण आणि हृदयाची जाडी दूषण. जाड स्नायूला रक्त अधिक लागतें. इकडे विसाव्यांतला दाब उतरल्यामुळें तें मिळतें मात्र कमी. काम वाढलें आणि शिधा तुटला, अशी त्या हृदयाची अवस्था होते. इको तपासणींत डॉक्टर ज्या गोष्टी पाहतात त्यांत ही जाडी एक प्रमुख होय.

धमन्या तर म्हातारपणीं सर्वांच्याच कांहींशा ताठरतात. त्यांच्या भिंतींतील लवचिक तंतु शरीर बालपणीं विणतें. मोठेपणीं तें वस्त्र जवळजवळ नव्यानें विणलें जात नाहीं, झिजत मात्र जातें. मग मूत्रपिंडाच्या रोग्यांत ही झीज वयाच्या आधीं कां यावी ? कारणें अनेक आहेत. अंगांत मीठ व पाणी सांचून दाब वाढतो, हें एक. साखरेच्या संयोगानें प्रथिनांचे जे कडक दुवे बनतात, ते बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडें करतात. तीं थकलीं कीं ते दुवे सांचत जातात, हें दुसरें. तिसरें कारण सर्वांत विलक्षण आहे. अन्नांतील जास्तीचा फॉस्फरस मूत्रावाटें जातो. तो जाईनासा झाला म्हणजे फॉस्फरस व कॅल्शियम यांचा तोल ढळतो, आणि धमनीच्या भिंतींतील स्नायुपेशी स्वधर्म सोडून हाडाच्या पेशींचा धर्म पत्करतात. मग भिंतींत अक्षरशः चुना बसूं लागतो. भिंतीच्या मधल्या थरांत असा चुना सांचण्याचें वर्णन जर्मन शास्त्रज्ञ म्योंकेबर्ग यानें १९०३ सालींच केलें होतें. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, डायलिसिसवर असलेल्या २० ते ३० वर्षांच्या १६ तरुणांपैकीं १४ जणांच्या हृदयधमन्यांत चुना आढळला. विशींतील देहांत साठीच्या धमन्या, असा हा प्रकार आहे.

जपानी संशोधकांनीं १९९७ सालीं एक जनुक शोधून काढलें. तें बिघडलेल्या उंदरांना अकालीं वार्धक्य येतें व त्यांच्या धमन्यांत चुना बसतो. ग्रीक पुराणांत आयुष्याचा धागा कातणारी जी देवता आहे तिचें 'क्लोथो' हें नांव त्यांनीं या जनुकास दिलें. त्या जनुकापासून होणारा पदार्थ शरीरांत मुख्यतः मूत्रपिंडांत तयार होतो, आणि मूत्रपिंडें क्षीण झालीं कीं तोही घटतो. ज्या अवयवाला आपण केवळ मोरी समजतों, तो अवयव धमन्यांचें तारुण्यही राखीत असतो, हें यावरून ध्यानीं यावें.

येथें नैयायिक वाचक विचारतील कीं, आधीं मूत्रपिंड बिघडलें कीं आधीं धमनी ? या प्रश्नावर वैद्यकांत शतकभर वाद झाला, आणि त्याचा एक धागा आपल्या देशाशीं जुळलेला आहे. लंडनच्या गाईज रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं मूत्रपिंडांच्या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. १८३६ सालीं अशा शंभर रोग्यांचीं शवें तपासल्याचें लिहितांना, पुष्कळांचें हृदय जाड झालेलें आढळतें, अशी नोंद त्यांनीं केली. मूत्रपिंड बिघडल्यामुळें रक्त दूषित होतें व तें दूषित रक्त लोटतांना हृदय थकतें, असा त्यांचा तर्क होता. त्याच रुग्णालयांत पुढें फ्रेडरिक अकबर महोमेद नांवाचे तरुण डॉक्टर आले. यांचे आजोबा शेख दीन महोमेद हे मूळचे पाटण्याचे. त्यांनीं १८१० सालीं लंडनमध्यें हिंदुस्थानी पद्धतीचें भोजनगृह काढलें होतें. नातवानें नाडीचा आलेख काढणारें यंत्र सुधारून शेंकडों रोग्यांच्या नाड्या कागदावर उतरविल्या, आणि १८७४ सालीं दाखवून दिलें कीं, मूत्रांत प्रथिन दिसूं लागण्याच्या आधींच कित्येकांच्या नाडींत वाढलेला दाब दिसतो. म्हणजे कित्येकदां धमनी आधीं, मूत्रपिंड मागाहून. हे बुद्धिमान गृहस्थ १८८४ सालीं, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षीं विषमज्वरानें वारले.

आज असें दिसतें कीं, दोघांच्याही पदरांत सत्य होतें. हा बीजांकुरन्याय आहे. हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांत जातो, आणि तेथील सूक्ष्म वाहिन्या हें भरघोस रक्त आंत घेण्यासाठीं मोकळ्या असतात. महाधमनी मऊ असतां ठोक्याचा धक्का ती स्वतः गिळते. ती ताठरली कीं तो धक्का थेट या नाजूक जाळ्यावर जाऊन बसतो, व जाळें फाटत जातें. मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांचीही गत तीच. म्हणजे मूत्रपिंड धमनीला ताठ करतें, आणि ताठ धमनी मूत्रपिंडाला फोडते. असें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे तें कोठें तरी हात घालून थांबवावें लागतें. रक्तदाबाची दुसरी गोळी म्हणजे त्या चक्रांत घातलेला हातच होय.

हें ताठरपण किती घातक, तें पॅरिसच्या डॉक्टरांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें. डायलिसिसवरील २४१ रोग्यांच्या महाधमनींतील लाटेचा वेग मोजून त्यांनीं त्यांचा अनेक वर्षें मागोवा घेतला. वेग सेकंदाला एक मीटरनें अधिक असला, कीं मृत्यूचा संभव ३९ टक्क्यांनीं अधिक, असें गणित निघालें. त्याच मंडळींनीं २००१ सालीं अशा १५० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाब उतरविल्यावर ज्यांच्या लाटेचा वेगही उतरला ते अधिक जगले. ज्यांचा वेग उतरला नाहीं त्यांचें आयुष्य तोकडें पडलें. येथें निराशेबरोबर आशाही आहे : कांहींच्या धमन्या उपचारांनीं नरम पडूं शकतात, मात्र उपचार वेळेवर झाला पाहिजे. उशीर झाल्यावर ओळखीचीं औषधेंही हात टेकतात. कोलेस्टेरॉल उतरविणारीं औषधें इतरत्र इतकीं गुणकारी. परंतु डायलिसिसवर पोंचलेल्या रोग्यांवर त्यांची परीक्षा २००५ व २००९ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां म्हणण्यासारखा लाभ दिसला नाहीं. याउलट २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक मूत्रपिंडरोग्यांच्या परीक्षेंत अशाच औषधांनीं चरबीच्या गांठींमुळें होणारे मोठे आघात १७ टक्क्यांनीं घटले. आणि त्या रोग्यांपैकीं बहुसंख्य अद्याप डायलिसिसवर गेलेले नव्हते.

आतां गृहकृत्याकडे वळूं. पहिलें काम रक्तदाब नीट मोजण्याचें. खुर्चींत पाठ टेकून पांच मिनिटें स्वस्थ बसावें, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा, अर्धा तास आधीं चहा-तंबाखू नको, आणि मोजतांना बोलूं नये. दोन वेळां मोजून दोन्ही आंकडे वहींत लिहावे. 'शंभरांत वय मिळवावें, तितका वरचा आंकडा म्हाताऱ्याला शोभतो,' हा जुना हिशेब आतां अगदीं टाकून द्यावा. तसेंच 'खालचा आंकडा सत्तरच आहे, मग काय भीति ?' असेंही म्हणूं नये. साठीनंतर वरचा चढत व खालचा उतरत असेल, तर दोहोंतील वाढतें अंतर हीच धमन्यांच्या ताठरपणाची खूण असूं शकते. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठीं २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत, नीट मोजलेला वरचा आंकडा सोसत असेल तर १२० च्या खालीं ठेवावा, असें सुचविलें आहे. ज्यांना उभें राहतांच घेरी येते अशा वृद्धांचें प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावें.

दुसरें काम मिठाचें. दिवसाकाठीं सर्व मिळून पांच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, याहून अधिक मीठ पोटांत जाऊं नये. आमच्या घरांत भाजींतलें मीठ कमी करतात, आणि पानाच्या डाव्या बाजूला लोणचें, खारी मिरची, व पानावर पापड तसाच राहतो. पापडांत मिठाबरोबर पापडखारही असतो, हें विसरूं नये. उपासाला चालतें म्हणून सैंधव निरुपद्रवी समजणें हाही भ्रमच. रक्तदाबाच्या दृष्टीनें सैंधव व साधें मीठ यांत भेद नाहीं. बाजारांत 'कमी सोडियमचें' म्हणून जें मीठ मिळतें त्यांत बहुधा पोटॅशियम असतें; मूत्रपिंडाच्या रोग्यास तें डॉक्टरांना विचारल्यावांचून कदापि देऊं नये. रोग पुढें गेला असेल तर शहाळ्याच्या पाण्याचीही तीच गोष्ट.

तिसरें काम फॉस्फरसचें. येथें वरणभातावर वरवंटा फिरविण्याचें कारण नाहीं. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस शरीरांत निम्म्याच्या आसपासच शोषला जातो. डबाबंद व पाकीटबंद खाद्यांत, प्रक्रिया केलेल्या चीजमध्यें व काळ्या कोलापेयांत जे फॉस्फेटचे क्षार किंवा आम्ल घालतात, तें मात्र जवळजवळ सर्व शोषलें जातें. म्हणून आधीं पाकिटें बंद करावीं. ताटांतला फेरफार आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानें मागाहून करावा. पाणी भरपूर प्यालें म्हणजे मूत्रपिंडें धुऊन निघतात, ही समजूतही खरी नव्हे. पाण्याचें प्रमाण प्रत्येकाचें वेगळें. तंबाखू व विडी-सिगारेट पूर्ण वर्ज्य. आणि अंगदुखीच्या गोळ्या दुकानांतून परस्पर आणणें, तसेंच घटक ठाऊक नसलेलीं भस्में घेणें, हें मूत्रपिंडाच्या रोग्याच्या घरांत बंद झालें पाहिजे. डॉक्टरांनीं मना केलें नसेल तर रोजचें चालणें चुकवूं नये.

औषधांच्या नांवावरून त्यांचा हेतु ठरवूं नये, हेंही येथें सांगितलें पाहिजे. मधुमेहासाठीं निघालेल्या डापाग्लिफ्लोझिन नांवाच्या औषधाची परीक्षा ४३०४ मूत्रपिंडरोग्यांवर झाली. त्यांतील सुमारें एकतृतीयांश रोग्यांना मधुमेह नव्हता. मूत्रपिंड ढासळणें, किंवा मूत्रपिंडाच्या अथवा हृदयाच्या विकारानें मृत्यु येणें, यांचें एकत्र प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांनीं कमी भरलें. हा निष्कर्ष २०२० सालचा. 'हें तर साखरेचें औषध, हें तर हृदयाचें,' अशा वांटण्या करून एखादी गोळी परस्पर गाळणें किती धोक्याचें, तें यावरून दिसेल. खर्चाची अडचण खरी असेल तर ती संकोच न धरतां डॉक्टरांपुढेंच मांडावी. त्याच गुणाचें स्वस्त औषध बहुधा मिळूं शकतें. घरांतील वडील मंडळींचा शब्द आम्हांस शिरोधार्य आहे. पण वडिलांनाच बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावें, आणि त्यांची शंका त्यांनीं स्वतःच विचारावी, हा मार्ग आम्हांस सर्वांत मानाचा वाटतो.

शेवटीं, ज्या घरांत अद्याप हा रोग नाहीं त्यांच्यासाठीं एक शब्द. मूत्रपिंडाचा रोग आरंभीं मुका असतो. त्याला दुखणें नाहीं, खुपणें नाहीं. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचा रक्तदाब चढलेला आहे, ज्यांच्या कुळांत हा विकार आहे, अशांनीं वर्षांतून एकदां रक्तांतील क्रिएटिनिन व मूत्रांतील अल्ब्युमिन, अशा दोन्ही तपासण्या कराव्या. एकीनें गाळण्याची शक्ति कळते. दुसरीनें जाळें फाटूं लागलें कीं काय तें कळतें, आणि तीच बहुधा आधीं बोलते. क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागें अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम किंवा अधिक सांपडलें व तें तीन महिने टिकलें, तर मूत्रपिंडाबरोबर हृदयाचीही चौकशी सुरू झाली असें समजावें. या दोन तपासण्यांचा खर्च एखाद्या सणाच्या मिठाईहून फारसा अधिक नाहीं.

असो. विषय मोठा आणि जागा थोडी. मीठ कमी करून स्वयंपाकाची चव कशी राखावी, यांत आमच्या वाचकभगिनी आमच्यापेक्षां कितीतरी अधिकारी आहेत. आमसूल, लिंबू, जिरें, आलें, कोथिंबीर यांच्या साह्यानें ज्यांनीं आपल्या घरीं हें साधलें असेल, त्यांनीं आपला अनुभव लिहून पाठवावा. निवडक पत्रें पुढील अंकीं वाचकांपुढें ठेवूं.